कानशिलातली खिडकी

आमच्या सोनोग्राफी सेंटरात डोक्याच्या तपासणीला येणारा जवळजवळ प्रत्येक म्हातारा पोटभर पाणी पिऊन यायचा. आमच्या भंडारा जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की पोट, आणि पोट म्हटलं की आधी पाणी, हे गावोगावच्या सुनांनी आपापल्या सासऱ्यांना पढवून ठेवलेलं. फोनवर मी घसा फोडून सांगायची, "काकाजी, डोक्याची आहे, पाणी नका पिऊ." तरी माणूस बाकावर पाय आवळून बसलेला असायचा आणि विचारायचा, "नंबर कधी येते वो बाई? पोट फुटून राहिलं ना माहं." मग सर आतून ओरडायचे, "त्याले आधी बाथरूमले पाठव! डोकं कुठी पळून नाही जाऊन राहिलं."

बाकाच्या वर कायद्याने लावलेली पाटी होती, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही म्हणून. जवाहरनगरचे एक निवृत्त गृहस्थ ती पाटी दोनदा वाचून मला म्हणाले, "मॅडम, माझ्या डोक्यात पोरगा निघाला तरी सांगू नका. घरात आहेत तेवढे पुरे झाले." सर एवढे हसले की तपासणी थांबवावी लागली. हसणाऱ्या माणसाच्या हातात, डोक्याला टेकवायचा तो प्रोब स्थिर राहत नाही, आणि प्रोब केसभर हलला तर मेंदू दिसत नाही.

सर म्हणजे सेंटरचे डॉक्टर. मी तिथे नंबर लावायची, रिपोर्ट टाइप करायची आणि सरांच्या शिव्या खायची. पवनीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला हा माणूस मोठ्या शहरात शिकला, परदेशात जाऊन आला, आणि परत येऊन भंडाऱ्यात बसला. बोली मात्र बदलली नाही. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलतानाही "तुमी पाह्यलं का जी?" असंच बोलायचे. सकाळी पोटं बघायचे, मूतखडे बघायचे, गरोदर बाया बघायचे. दुपारनंतर डोकी. पोटांवर सेंटर चालायचं आणि डोक्यांवर सर चालायचे.

मे महिन्यात भंडाऱ्यात काय ऊन असतं ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. त्या उन्हात हा माणूस लोकरीचं स्वेटर घालून हिंडायचा, कारण मशीनच्या खोलीतला एसी त्यांना सोसायचा नाही आणि बाहेर आल्यावर स्वेटर काढण्याइतका वेळ नसायचा. खांद्यावर दुपट्टा. त्या दुपट्ट्याचं काम वेगळं होतं. तपासणी झाली की म्हाताऱ्याच्या कानशिलावरचं, केसांतलं जेल ते स्वतः कोमट पाण्याने पुसून काढायचे. एकदा मी पुढे झाले तर माझ्या हातावर चापटी बसली. "मी खराब केलं ना डोकं? मंग मीच पुसीन." जुन्या बायांना ते फार लाजिरवाणं व्हायचं. डॉक्टर आपले केस पुसतोय म्हणजे काय! पण डोळे मिटून बसायच्या बिचाऱ्या.

आणि मग तो भात. मशीनच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर एक छोटा कुकर होता आणि त्यात रोज दुपारी चिन्नोर शिजायचा. आमच्याकडचा हा तांदूळ शिजला की शेजारच्या घराला कळतं. सेंटरभर वास पसरायचा. सकाळच्या राहिलेल्या गरोदर बायांपैकी अर्ध्यांना भूक लागायची, अर्ध्यांना उलटी व्हायची. सर कंपवाताच्या पेशंटला डोळे मिटायला लावायचे, नाकाखाली झाकण काढलेली वाटी धरायचे आणि विचारायचे, "काय आहे?" कंपवात हात थरथरायच्या कितीतरी आधी नाकातून वास घेऊन जातो, हे मला तिथे कळलं. लाखांदूरकडची एक शेतकरीण, जन्मभर चिन्नोर लावलेली, वाटीत नाक घालून म्हणाली, "काहीच नाही जी. पाणी आहे का?" सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी जेवायच्या आधी ते स्वतःही कुकरवर वाकायचे. डोळे मिटून, वाफेत तोंड घालून उभे. आम्ही सेंटरातली माणसं मागे खाणाखुणा करायचो, काय हावरा माणूस आहे म्हणून.

पण खोलीत दिवा मालवला की हाच माणूस वेगळा व्हायचा. मला पहिल्यांदा त्यांनी आत बोलावलं ते दार धरायला, दाराला फट राहत होती म्हणून. मी दार धरलं आणि तिथेच उभी राहिले. कानाच्या पुढे, कानशिलावर, एक जागा असते. तिथलं हाड पातळ असतं. सर तिला खिडकी म्हणायचे. प्रोब त्या खिडकीवर टेकवून ते श्वास रोखल्यासारखे थांबायचे, मग नखाएवढा कोन बदलायचे, पुन्हा थांबायचे. पडद्यावर नुसता करडा चिखल. मला वाटलं, काही नाही दिसत, उगाच नाटक चाललंय. आणि एकाएकी त्या चिखलातून एक आकार वर आला, पंख मिटत आलेल्या फुलपाखराचा. सर हळूच म्हणाले, "हा पाहाय. याच्यातून माणूस चालते."

 समोर बाकावर एक जिवंत माणूस पडलेला, खोकतोय, "झालं का जी?" विचारतोय, आणि त्याच्या कवटीच्या आतलं फुलपाखरू मी बघत होते. ना चिरफाड, ना सुई. नुसता आवाज, तोही आपल्याला ऐकू न येणारा, आत जाऊन परत येत होता आणि घरचं वर्तमान सांगत होता. मी पुढे शेकडो वेळा ते पाहिलं. एकदाही ते मला साधं वाटलं नाही.

ते फुलपाखरू म्हणजे मध्यमेंदू, आणि त्यात एक लहानसा भाग असतो. डॉक्टर लोकांनी त्याला काळा पदार्थ असं नाव दिलंय, कारण तो उघड्या डोळ्यांना काळा दिसतो. कंपवात झालेल्या पुष्कळांच्या तपासणीत मात्र तो पडद्यावर पांढरा चमकतो. धडधाकट माणसात सहसा चमकत नाही. एवढीच सगळी गोष्ट. सर म्हणायचे, एवढीशी गोष्ट पाहाले नजर तयार कराले लागते. काहींची खिडकी उघडतच नाही, विशेषतः म्हाताऱ्या बायांची. हाड जाड असतं. सर अर्धा अर्धा तास एकेका बाईच्या कानशिलाशी झगडायचे, शेवटी हात जोडून म्हणायचे, "माय, तुह्या मनातलं कोनाले नाही दिसणार." आणि रिपोर्टात स्वच्छ लिहायला लावायचे, दिसले नाही. जिथे दिसलं नाही तिथे दिसल्यासारखं त्यांनी कधी लिहू दिलं नाही.

माझे बाबा ढीवर, मासे धरणाऱ्या जातीतले. गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं आणि आम्ही पुनर्वसनाच्या सरळ सरळ रस्त्यांच्या गावात आलो. गाव गेलं तरी बाबांचा डोंगा राहिला, आणि त्यांनी त्याच पाण्यात मासेमारी सुरू ठेवली. मग त्यांचे हात कापायला लागले. चाल बारीक झाली, चेहरा हलेनासा झाला. हसले तरी कळायचं नाही. जाळं विणायची लाकडी सुई हातातून पडायची. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, कंपवात दिसतो म्हणाले, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी फरक पडला नाही. बाबांनी पंगतीत जेवणं सोडलं. पाण्यावर जाणं सुटलं. एक दिवस मी घरी गेले तर काका डोंगा बघायला आलेला. आपल्या पोराला हवा होता त्याला. बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. माय म्हणाली, "देऊन टाकतो म्हणतेत. डोंगा गेला तं हा माणूस नाही वाचत वो पोरी." मी काकाला म्हटलं, थांब, आमच्या सरांना दाखवू दे. त्या घडीपर्यंत मी सरांना सांगितलंच नव्हतं. घरचं दुखणं नोकरीच्या जागी काढायची लाज वाटायची.

सरांनी आधी मला झापलं, मग बाबांना बसवलं. भाताची वाटी धरली. बाबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "चिन्नोर. पन जुना हाय जी, यंदाचा नाही." सरांच्या भुवया वर गेल्या. "कोणता हात आधी कापाले लागला, काकाजी?" बाबा म्हणाले, "दोन्ही संगच." सरांच्या भुवया आणखी वर गेल्या. कंपवात बहुतेक वेळा एका बाजूने शिरतो, हे तोवर मलाही ठाऊक झालं होतं.

मग दिवा मालवला. बाबांची खिडकी छान होती. फुलपाखरू लगेच आलं. सरांनी या कानशिलाकडून पाहिलं, त्या कानशिलाकडून पाहिलं, पुन्हा पहिल्याकडे आले. पांढरं काही नव्हतं.

मी दाराशी उभी होते, मला राहवेना. "सर, साफ आहे ना? म्हणजे कंपवात नाही ना? नक्की?"

 सरांनी बाबांचं डोकं पुसलं, त्यांना बाहेर चहा प्यायला पाठवलं. मग खुर्चीत बसून त्यांनी तोच प्रोब स्वतःच्या कानशिलाला लावला आणि मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. फुलपाखरू आलं. आणि त्याच्या आत, तांदळाच्या कणीएवढं, पांढरं, लख्ख.

"हा मी," सर म्हणाले. "मशीन आली तेव्हा पहिलं डोकं माहंच पाह्यलं. दुसऱ्याच्या डोक्यावर कायले शिकाचं? तं हे निघालं. तेव्हापासून असंच आहे."

 मी म्हटलं, "पण तुम्हाला तर काहीच..."

"काहीच नाही. चालतो, बोलतो, तुमाले शिव्या देतो. चांगल्या माणसायतही कोनाकोनाले असं दिसते. पुढं कंपवात होईल, नाही बी होईल. म्हणून तं रोज दुपारी भात हुंगून पाह्यतो." त्यांनी प्रोब पुसून जागेवर ठेवला. "तुह्या बापाचं चित्र साफ आहे. त्याच्यानं माहा संशय वाढला, इतकंच. नक्की हा शब्द मले नको मागू."

"सर, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पन नंबर लागलेले असतेत."

आम्ही ज्याला हावरा म्हणून हसत होतो तो माणूस रोज दुपारी वाफेत तोंड घालून स्वतःचा निकाल ऐकत होता, आणि मग दुपट्टा खांद्यावर टाकून दुसऱ्याचं डोकं बघायला आत जात होता. मला त्या दिवशी सरांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर चापटी बसली असती.

सर बाहेर आले ते चिडूनच. "मंग हात कायनं कापते?" हे ते बाबांना नाही, भिंतीला विचारत होते. त्यांच्या टेबलावर एक पितळी परात असायची, आमच्या भंडाऱ्याच्याच कासारांकडची. पेशंटच्या घरात खुंटीला लटकलेली औषधांची पिशवी आणायला लावायची आणि सगळी परातीत उपडी करायची, अशी त्यांची रीत. बाबांची पिशवी मी आणली होती. परातीत बीपीची गोळी निघाली, कंपवाताच्या गोळ्या निघाल्या, मायच्या गुडघ्याचं मलम निघालं. सरांनी एकेक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि परात ढकलून दिली. "कोनती दुसरी गोळी घेता का, काकाजी?"

"नाही जी."

"झोपेची? पोटाची? चकरीची?"

"नाही जी. औषध हेच."

 सर म्हणाले, "तंबाखू खाता का? घोटून दाखवा मले." हीही त्यांची एक तऱ्हा होती. तंबाखूचा त्यांना मनस्वी राग, पण तळहातावर अंगठा कसा फिरतो हे बघायला त्याच्यासारखं काही नाही म्हणायचे. घोटून झाली की ती तंबाखू कचऱ्यात. बाबांनी कमरेची पिशवी काढली, कापऱ्या हातांनी उघडली, आणि तंबाखूच्या पुडीबरोबर गोळ्यांची एक पट्टी परातीत पडली. टण्ण वाजलं.

"हे काय आहे?"

"थे औषध नाही जी," बाबा अगदी सरळपणे म्हणाले. "थे तं डोंग्याची गोळी."

धरणाच्या आधी वैनगंगा आमच्या गावाजवळ नदी होती. दोन्ही काठ दिसायचे. पाणी भरलं तेव्हा काठच गेले. बाबा पहिल्यांदा त्या पाण्यावर गेले, खाली आपलं घर, आपलं देऊळ, आणि वर चहूकडे नुसतं हलतं पाणी. त्यांना भोवळ आली, ते डोंग्यातच आडवे झाले. एका औषधाच्या दुकानात चकरीची गोळी मिळाली. तिने बरं वाटलं. मग काठावरच्या आणखी दोघाचौघांनी सुरू केली. डोंग्यात बसायच्या आधी जसा तंबाखूचा बार, तशी ती गोळी. वर्षानुवर्षं. ती औषधात कोण धरतो?

"आता तं तुमी पाण्यावर जात नाही ना?" सरांनी विचारलं.

"नाही जी."

"मंग गोळी?"

बाबा खाली बघत म्हणाले, "सकाळी घेऊन ठेवतो. न जाणो, आज हात चांगला राह्यला, जाणं झालं तं."

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. ही चकरीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काही माणसांत हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं आणते, हे त्यांनी मला नंतर समजावलं. बाबा रोज सकाळी पाण्यावर जायच्या आशेने जी गोळी घेत होते, बहुधा तीच त्यांना काठावर बसवून ठेवत होती. मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

सरांनी मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ती गोळी बंद करवली. बाबांना म्हणाले, "महिने लागतीन. कदाचित पुरतं नाही बी जाणार. रोज हात पाहात बसू नका." भोवळीसाठी खाटेवर पडून मान वळवायचे व्यायाम शिकवले, स्वतः बाकावर आडवे होऊन, स्वेटरसकट.

पहिले महिने काहीच झालं नाही. काका येऊन म्हणायचा, "मोठा डॉक्टर सांगते एक, हा पोटं पाहणारा सांगते एक." मायचाही धीर सुटत चालला. मी रोज सरांकडे बघायची आणि सर माझ्याकडे बघायचे नाहीत. मग एका सकाळी मी घरी असताना परसातून बाबांचं ओरडणं ऐकू आलं. धावत गेले. बाबा जुनं फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेले आणि गुंत्याला अस्सल आमच्या भाषेत शिव्या देत होते. सुई हातात होती. चेहरा रागाने लाल झाला होता, आणि कितीतरी काळाने त्या चेहऱ्यावर राग तरी दिसला. माय दाराला टेकून बसली ती उठेचना.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "घेऊन ये." पुन्हा दिवा मालवला, पुन्हा फुलपाखरू. पाहून झाल्यावर मला बोलावलं. "पाहाय. चित्र तवाही असंच होतं, आताही असंच आहे. मशीनीले काहीच दिसलं नाही. बदलला तो हा माणूस." आणि ते बाबांकडे बघत राहिले, मी पहिल्यांदा फुलपाखरू बघितलं तेव्हा जशी बघत होते, तसे.

डोक्यावरचं जेल पुसून घेता घेता बाबा म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनीत मी दोनदा बसलो. आता तुमी माह्या मशीनीत बसा."

सर आले. स्वेटर घालून. धानपट्टीतला माणूस, शेताजवळच्या बोडीत, तेवढ्याशा तळ्यात, गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेला नव्हता. डोंग्यात बसताना त्यांनी माझा खांदा असा धरला की वळ उठला. बाबा मागे वल्हं घेऊन. डाव्या अंगठ्याला अजून किंचित थरथर होती, पण वल्हं पाण्यात सरळ पडत होतं. काठ मागे गेला, पाणी मोठं झालं. भोवळ येऊ नये म्हणून बाबा समोर दूरच्या झाडांवर नजर ठेवून होते. कुठे काय बुडालंय ते सांगत होते, "हे आमचं घर. ही शाळा." सर मान हलवत होते. आणि बाबा मध्येच थांबले.

"साहेब, तुमचा हात काहून कापून राहिला?"

डोंग्याच्या कडेवर ठेवलेला सरांचा उजवा हात थरथरत होता. एकटा उजवा. डावा मांडीवर स्वस्थ होता.

 बाबांना सरांच्या डोक्यातली ती कणी ठाऊक नव्हती. मला होती, आणि सरांना होती. सर म्हणाले, "भेतो जी मी पाण्याले. पोहणं नाही येत."

"भेऊ नका. मी आहो ना." बाबांनी एका हाताने वल्हं सांभाळलं, पुढे सरकून दुसरा हात सरांच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. काठाला लागेपर्यंत सोडला नाही.

काठावर उतरल्यावर सर दगडावर बसले, हात गुडघ्यावर ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी हाताकडेच बघत राहिले. तो स्थिर होता. बऱ्याच वेळाने मान वर केली तर सर माझ्याकडे बघत होते.

"थांबला ना?" ते म्हणाले. "मी बी रोज सकाळी उठल्यावर आधी हेच पाह्यतो, पोरी. मंग चहा पितो."